एक घर, तीन किमती: वाटणीला कुठली धरायची?

वाचकाचं पत्र:

बेळगावात वडगावला आमचं वडिलांच्या नावचं घर आहे. पुढचा भाग चिऱ्याच्या भिंतींचा, मंगळुरी कौलांचा, साधारण ४७ वर्षांपूर्वीचा. मागे २२ वर्षांपूर्वी आरसीसी बांधकाम केलं, तळमजला आणि वर एक मजला. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. दोघं भाऊ आणि मी, तिघांचा हिस्सा समान, यावर वाद नाही. थोरल्याला घर ठेवून घ्यायचंय आणि आम्हा दोघांना पैसे द्यायचेत. त्यानं बँकेत कर्ज मागितलं, बँकेच्या व्हॅल्युअरनं किंमत लावली ५४,७३,००० रुपये. तो म्हणतो, "बँकेचं व्हॅल्युएशन झालंय की, आता आणि काय?" सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या दरानं हिशेब केला तर ४४ लाख होतात. एजंट म्हणतो, ८५ लाख कुठं गेले नाहीत. मग माझा हिस्सा १४ लाख ६७ हजार, १८ लाख २४ हजार की २८ लाख ३३ हजार? शिवाय येळ्ळूर रस्त्याला १२ गुंठे शेत आहे, तेही एजंट फुटाच्या भावानं मोजतोय. बँकेच्या रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. इंग्रजीत आहे, नीट उमगत नाही. भावाशी भांडण नको आहे, पण फसायचंही नाही.
(एक भगिनी, निपाणी)

ताई,

या तीन आकड्यांची बेरीज करून तिनानं भागू नका. बऱ्याच घरांत "मधला आकडा धरूया" म्हणून असंच करतात, आणि मग कोणालाच तो आकडा कुठून आला ते सांगता येत नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या कामासाठी काढलेला आहे. तुमच्या कामासाठी, म्हणजे भावंडांच्या वाटणीसाठी, अजून कोणीही आकडा काढलेलाच नाही.

४४ लाख ही सरकारची मार्गसूची किंमत. महाराष्ट्रात जिला रेडी रेकनर म्हणतात तिचीच कर्नाटकातली बहीण. या किमतीच्या खाली खरेदीखत नोंदवलं तरी स्टॅम्प ड्युटी निदान या किमतीवर भरावी लागते, एवढंच तिचं काम. ती गावागावाची, भागाभागाची, कधी रस्त्यारस्त्याची ठरलेली असते. तुमच्या घरात कोण राहतं, भिंतीला ओल आहे का, हे तिला माहीत नसतं. महाराष्ट्रातले दर बहुतेक वर्षी १ एप्रिलला बदलतात. कर्नाटकात १ ऑक्टोबर २०२३ ला मोठी दरवाढ झाली, ती बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर. म्हणून निपाणीत बसून कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या हिशेबाशी तुलना करू नका. दर कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर बघायला मिळतात. बघताना तक्त्याखालच्या विशेष सूचनाही वाचा, कारण कोपऱ्याची जागा, बांधकामाचं वय यांचे फरक तिथं दिलेले असतात.

८५ लाख हा सांगितलेला भाव आहे, झालेला नाही. तो तपासायची एक सोपी रीत आहे. ८५ लाखांतून बांधकामाची आजची किंमत वजा करा (ती खाली काढली आहे, साधारण १५ लाख ७७ हजार), उरतात ६९ लाख २३ हजार. त्याला जागेच्या १,६५० चौरस फुटांनी भागलं की फुटाला जवळपास ४,२०० रुपये पडतात. आता एजंटला विचारा: आमच्या गल्लीत किंवा शेजारच्या गल्लीत गेल्या दीड-दोन वर्षांत ४,२०० नं कुठली जागा विकली गेली? सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेचा क्रमांक) सांगा. नंबर सांगितला तर तो आकडा विचारात घ्यायचा. "बाजार चढलाय" एवढंच उत्तर आलं तर नाही.

राहिला बँकेचा रिपोर्ट. तो तुमच्या भावाला वाटतो तितका पक्का नाही आणि तुम्हाला वाटतो तितका खोटाही नाही. बँकेचा प्रश्न असा असतो की उद्या हप्ते थकले तर या कागदांवर या घरातून किती वसूल होईल? म्हणून तिचा व्हॅल्युअर हात राखून लिहितो. शेवटच्या पानावर तीन आकडे दिसतील: बाजारमूल्य ५४,७३,०००, त्याखाली त्याच्या ९० टक्के आणि मग ८० टक्के. दुसरा आकडा म्हणजे थोड्या घाईत विकलं तर काय येईल, तिसरा म्हणजे जप्ती-लिलावाच्या घाईत काय येईल. वाटणीच्या बैठकीत कोणी हे खालचे दोन आकडे पुढे केले तर तिथंच थांबवा. तुमच्या घराचा लिलाव नाही.

आता वरचा आकडा कसा आला ते उलगडू. रिपोर्टमध्ये जागा आणि बांधकाम वेगवेगळं धरलं आहे. जुन्या राहत्या घराला हीच पद्धत योग्य. (भाड्यावरून किंमत काढायची पद्धतही आहे, पण ती खडेबाजार, गणपत गल्लीतल्या दुकानांना शोभते. राहत्या घराला वर्षाचं निव्वळ भाडं १ लाख ५३ हजार धरलं, तर ३ टक्क्यांनी ५१ लाख येतात आणि अडीच टक्क्यांनी ६१ लाख २० हजार. अर्ध्या टक्क्यानं दहा लाख हलतात, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.)

पहिल्यांदा जागा. पीआर कार्डावर (सिटी सर्व्हेचा मिळकतीचा उतारा) क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, तुमचं १५३.३. त्याला १०.७६४ नं गुणायचं, म्हणजे १,६५० चौरस फूट. "मीटरला दहा फूट" असा ढोबळ हिशेब केला तर १,५३३ येतात, ११७ फूट हवेत जातात, आणि २,८०० च्या दरानं तेच ३ लाख २८ हजार रुपये होतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ही चूक नाही. पण दुसरी गोष्ट बघा. व्हॅल्युअरनं मोजलेली पुढची रुंदी २२ फूट आणि खोली ७५ फूट लिहिली आहे, मागची रुंदी लिहिलेलीच नाही. वडगाव, शहापूरच्या जुन्या गल्ल्यांतली घरं अशी लांबोडी असतात आणि परसाकडे अरुंद होत जातात. समजा मागे साडेवीस फूटच भरले, तर सरासरी रुंदी २१ फूट ३ इंच आणि प्रत्यक्ष जागा १,५९४ फूट. कार्डापेक्षा ५६ फूट कमी. ती कुठं गेली, शेजारच्या सामाईक भिंतीत की कोणी पुढे सरकलंय, हे वाटणीच्या आधी कळायला हवं, नंतर नाही. टेप धरून पुढची, मागची आणि दोन्ही बाजूंची, अशी चारही मापं घ्यायला लावा.

मग दर. रिपोर्टमध्ये एकच ओळ आहे: स्थानिक चौकशीनुसार २,८०० रुपये. कोणाकडे चौकशी केली, कुठल्या व्यवहाराची, काही नाही. संपूर्ण रिपोर्टमधली सगळ्यात पोकळ जागा ही आहे, आणि सगळ्यात जास्त पैसे हलतात तेही इथंच. दर शंभर रुपयांनी बदलला की घराची किंमत १ लाख ६५ हजारांनी आणि तुमचा हिस्सा ५५ हजारांनी बदलतो.

नीट केलेल्या व्हॅल्युएशनमध्ये निदान तीन झालेले व्यवहार असतात आणि प्रत्येकाची तुमच्या जागेशी तुलना करून दर वर-खाली केलेला असतो. उदाहरणापुरतं धरा: जवळच ३० बाय ४० चा प्लॉट १४ महिन्यांपूर्वी फुटाला ३,६०० नं गेला. मधल्या काळात भाव चढले, त्याचे ५ टक्के मिळवायचे. त्या प्लॉटसमोर ३० फुटी रस्ता, तुमच्याकडे गल्ली जिथं टेम्पो वळत नाही, १० टक्के वजा. तो सरळ चौकोनी, तुमची जागा अरुंद आणि लांब, ८ टक्के वजा. एकूण १३ टक्के कमी, म्हणजे ३,१३२ रुपये. हे टक्के कुठल्या पुस्तकात ठरलेले नसतात, व्हॅल्युअरच्या अंदाजाचे असतात. पण ते कागदावर मांडले की तुम्ही प्रश्न विचारू शकता. टिळकवाडी किंवा भाग्यनगरचा व्यवहार तुलनेला घेतला असेल तर तो बदलून मागा, वडगावच्या गल्लीशी त्याचं नातं नाही.

नोंदलेल्या खतांबद्दल एक अडचण सांगायला हवी. अनेक खतांत किंमत मार्गसूचीच्या आसपासच लिहिलेली असते, प्रत्यक्षात व्यवहार वरचा झालेला असतो. त्यामुळं फक्त खतं बघणाऱ्याचा दर खाली येतो आणि फक्त एजंटांना विचारणाऱ्याचा वर जातो. चांगला व्हॅल्युअर दोन्ही बघतो आणि कुठला आकडा कुठून घेतला ते लिहितो. तुम्ही मात्र आपल्या व्यवहारात वरची रक्कम रोख घेण्याच्या फंदात पडू नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर खातं तेवढ्याच रकमेचा दंड लावू शकतं.

आता बांधकाम. आरसीसीचा प्रत्येक मजला ६०० चौरस फूट. असंच नवं बांधायला फुटाला १,८०० लागतील असं रिपोर्ट धरतो. आयुष्य ६० वर्षं, शेवटी मोडीत १० टक्के उरणार. म्हणजे २२ वर्षांची झीज २२ भागिले ६० गुणिले ९०, बरोबर ३३ टक्के. उरलेल्या ६७ टक्क्यांनी एका मजल्याचे ७,२३,६०० रुपये होतात. पुढच्या कौलारू भागाला ७०० फूट, १,२०० चा दर, ५० वर्षं आयुष्य. ४७ वर्षांत ८४.६ टक्के झीज, उरतात १,२९,३६०. जागेचे ४६,२०,०००. या तिन्हींची बेरीज करा: ५४,७२,९६०. हाच बँकेचा आकडा.

कौलारू भागाबद्दल एक सांगून ठेवतो. तक्त्यानं त्याची किंमत मोडीवर नेली ते बरोबर आहे. पण सोप्याचे खांब, तुळया, चौकटी सागवानी असतील तर त्यांची मोड वेगळी मोजून घ्या. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक असतं आणि दहा टक्क्यांच्या सरधोपट हिशेबात ते बसत नाही.

पण वरच्या बेरजेत काय नाही ते दिसलं का? वरचा मजला. रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की पहिल्या मजल्याची मंजुरी दाखवली गेली नाही, म्हणून तो किमतीत धरला नाही. बँकेच्या बाजूनं हे योग्य आहे, परवान्याशिवायच्या बांधकामावर ती पैसे देत नाही. भावंडांच्या वाटणीत मात्र तो मजला उभा आहे, त्यात कोणी तरी झोपतंय. तो धरला की बेरीज ६१,९६,५६० होते आणि तुमचा हिस्सा १८ लाख २४ हजारांवरून २० लाख ६५ हजारांवर जातो. तेव्हा दोन गोष्टी शोधा. मंजुरी खरंच नव्हती की नकाशा कपाटात राहिला? महानगरपालिकेत जुनी फाईल मिळते का ते बघा. नसेलच, तर तो मजला नियमित करायचा खर्च आणि धोका धरून त्याची किंमत काही टक्के कमी करणं रास्त, शून्य करणं नाही. आणि दुसरं: तो मजला कोणाच्या पैशानं झाला? वडिलांच्या असेल तर तिघांचा. थोरल्या भावानं स्वतःच्या पगारातून बांधला असेल तर त्याची किंमत आधी त्याची बाजूला काढा, मग बाकीची वाटा. भावाशी भांडण नको असेल तर हा मुद्दा तुम्हीच पुढे होऊन काढा. बाकीच्या हिशेबात त्याचा विश्वास बसेल.

म्हणून वाटणीसाठी नवं व्हॅल्युएशन करून घ्या, आणि ते तिघांनी मिळून. एकट्यानं आणलेला रिपोर्ट दुसऱ्याला कधी पटत नाही, मग तो कितीही चांगला असो. व्हॅल्युअर निवडताना "बँकेच्या पॅनेलवर आहे" एवढ्यावर जाऊ नका. पॅनेल ही त्या त्या बँकेची यादी असते. आयकर खात्याकडे नोंदलेला किंवा कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या व्हॅल्युअर नियमांप्रमाणे जमीन आणि इमारत या वर्गात नोंदलेला व्हॅल्युअर घ्या, नोंदणी क्रमांक रिपोर्टवर आला पाहिजे. ज्यानं बँकेसाठी हा रिपोर्ट केला तो नको. फी आधी ठरवून, तिघांनी सारखी द्या. किमतीच्या टक्क्यांवर फी मागणाऱ्याला नको म्हणा.

त्याला द्यायच्या पत्रात चार ओळी असू द्या, तिघांच्या सह्यांनिशी. उद्देश: सहहिस्सेदारांमधली वाटणी. कशाची किंमत: संपूर्ण घराची, रिकामं आणि ताब्यात मिळणारं असं धरून, खुल्या बाजारातली. तारीख: कुठल्या दिवशीची किंमत, वडील वारले तेव्हाची नव्हे तर आजची, हे तिघांनी ठरवून. आणि वरचा मजला वेगळा दाखवावा. यातली दुसरी ओळ फार महत्त्वाची आहे. अविभक्त तिसरा हिस्सा बाहेरच्या माणसाला विकायला गेलात तर तो पडेल भावानं मागणार, कारण त्याला घराबरोबर तुमच्या भावंडांशी कज्जाही मिळतो. कोणी तरी शहाणा मग म्हणेल, "तुझा हिस्सा बाहेर कोण घेणार, वीस टक्के कमी कर." पण थोरल्याला तुकडा मिळत नाही, सबंध घर मिळतं. तेव्हा सबंध घराची किंमत काढून तिनानं भागायची, हिस्सा अविभक्त आहे म्हणून त्यात कपात नाही.

व्हॅल्युअर येण्याआधी पीआर कार्ड, खाता उतारा (महानगरपालिकेच्या दफ्तरातली मालकाची नोंद), घरपट्टीची पावती, बांधकामाचा नकाशा आणि ईसी (मिळकतीवर नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) काढून ठेवा. ईसी मागताना वडिलांनी खरेदी केली तिथपासूनचा काळ घ्या, दहा-पंधरा वर्षांचा नको. तिघांची नावं अजून कार्डावर चढली नसतील तर ते काम आधी. कागद कन्नडमध्ये आणि रिपोर्ट इंग्रजीत असणार, तर त्याला शेवटी एका पानात मराठीत आकडे समजावून मागा. सही करणाऱ्या सगळ्यांना तो वाचता आला पाहिजे. कच्चा मसुदा आधी मागा, आणि चुका लेखी कळवा: क्षेत्र, वय, मजले, तुलनेचे व्यवहार. "किंमत वाढवा" असं कळवू नका. त्यानं काही होत नाही आणि होत असेल तर तो व्हॅल्युअर भरवशाचा नाही. दुसरं मत घेतलंच आणि दोघांत दहा टक्क्यांपर्यंत फरक आला तर तो नेहमीचाच. जास्त आला तर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून क्षेत्र, दर, वय यातला कुठला आकडा वेगळा आहे तेवढं शोधा. बहुतेक वेळा एकच असतो.

कर्जाचंही भावाला सांगा, त्याची काळजी तीच असेल. गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा अशी आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५. म्हणजे वाटणीची किंमत बँकेच्या किमतीपेक्षा जास्त ठरली तरी बँक आपल्याच आकड्यावर कर्ज देणार. वरची रक्कम त्यानं हप्त्यानं द्यायचं ठरलं तर तारखांसकट लिहून घ्या.

पैसे घेऊन हक्क सोडला की तुम्हाला भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, हे लक्षात असू द्या. वडिलांनी घर १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असल्यानं त्या तारखेची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, पण त्या दिवशीची मार्गसूची किंमत उपलब्ध असेल तर तिच्यापेक्षा जास्त नाही. मागचं आरसीसी बांधकाम २००१ नंतरचं, त्याचा खर्च वेगळा, पावत्या शोधा. २३ जुलै २०२४ च्या आधीपासूनच्या मिळकतीला निवासी व्यक्तीनं १२.५ टक्के महागाईचा हिशेब न करता किंवा २० टक्के महागाईचा हिशेब करून, यातला कमी पडेल तो कर भरायचा. खतातली किंमत मार्गसूचीपेक्षा बरीच खाली असेल तर आयकर खातं मार्गसूचीच धरतं. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडतं. तुमच्या बाबतीत ठरणारी किंमत ४४ लाखांच्या वरच असेल, म्हणून ती भीती नाही. २००१ च्या किमतीचा रिपोर्ट याच व्हॅल्युअरकडून याच फेरीत करून घ्या, दुसऱ्यांदा घर दाखवावं लागणार नाही.

आता येळ्ळूर रस्त्याचं शेत. १२ गुंठे गुणिले १,०८९, म्हणजे १३,०६८ चौरस फूट, आणि त्याला शेजारच्या प्लॉटचा भाव लावला की डोळे फिरवणारा आकडा येतो. तो खोटा आहे. प्लॉट विकतो तो बिगरशेती झालेला, लेआउट मंजूर झालेला, रस्ता सोडलेला. मोठ्या लेआउटमध्येसुद्धा रस्ते आणि मोकळ्या जागा सोडून विकायला निम्मी किंवा थोडी जास्त जमीन उरते, त्यावर मंजुरीचा खर्च, वेळ आणि व्याज. १२ गुंठ्यांत तर एक रस्ता काढला तरी आकार मोडतो. शेताची तुलना शेताशीच करायची: आरटीसीवर (कर्नाटकातला सात-बारा) शेतीच असलेली, तशाच वाटेची, तशाच पाण्याची जमीन गुंठ्याला काय भावानं गेली. वडगाव-येळ्ळूरच्या बाजूला बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शेतात चढतं, तुमच्या शेतात किती दिवस राहतं ते व्हॅल्युअरला सांगा आणि शक्यतो त्याला जुलै-ऑगस्टमध्येच बांधावर न्या. शेत तिघांत तोडायचं असेल तर आधी ११-ई नकाशा (भूमापन खात्याचा पोटहिश्शाचा नकाशा) लागेल. तेव्हा घराच्या हिशेबात ते न मिसळता वेगळं ठेवा.

घर बघायला येईल त्या दिवशी तुम्ही निपाणीहून जातीनं या, आणि सगळ्या खोल्या उघड्या ठेवायला सांगा. बंद खोली व्हॅल्युअर "आत पाहता आली नाही" असं लिहून अंदाजानं धरतो, आणि विणकामाच्या मागाची खोली असेल तर ती नेमकी कुलपात असते.